पाण्यात बोरॉनिक आम्लाच्या अभिक्रियेचा वेग कसा मोजावा

फिनाइलबोरॉनिक आम्ल (बोरॉन असलेले सेंद्रिय आम्ल) आणि अलिझरिन रेड एस हे रंगद्रव्य ही जोडी सुरुवातीला सोयीची, कारण बंध जुळताच रंगद्रव्याचा वाइनसारखा लाल रंग नारिंगी-पिवळा होतो. रंगद्रव्य 0.0001 मोलर ठेवावे आणि बोरॉनिक आम्ल त्याच्या किमान दहापट, म्हणजे 0.001 ते 0.01 मोलर घ्यावे. आम्लाची संहती मग जवळपास स्थिर राहते व रंगबदलाचा वेळेनुसार वक्र एकाच घातांकी पदाचा मिळतो. तापमान 25 अंश सेल्सियस आणि आयनिक तीव्रता (द्रावणातील आयनांच्या प्रमाणाचे माप) शेवटपर्यंत तीच असावी. फॉस्फेट व सायट्रेट बफर (पीएच स्थिर ठेवणारी द्रावणे) टाळावेत, कारण ते स्वतःच बोरॉनशी बंध करतात.

हाताने मिसळून ही अभिक्रिया पकडता येईलच असे नाही. स्टॉप्ड-फ्लो उपकरण हवे, ज्यात मिश्रण एक-दोन मिलिसेकंदांत होते. मिळालेले वेगस्थिरांक आम्लाच्या संहतीविरुद्ध मांडल्यास सरळ रेषा येते. तिचा उतार पुढच्या अभिक्रियेचा स्थिरांक, अंतःखंड उलट अभिक्रियेचा आणि त्यांचे गुणोत्तर त्या पीएचचा समतोल स्थिरांक होय.

खरी अडचण पुढे आहे. त्रिकोणी आम्लाची (बोरॉनला तीन बंध) एक प्रोटॉन गमावलेल्या रंगद्रव्याशी होणारी अभिक्रिया आणि चतुष्फलकी बोरोनेटची (त्याच आम्लाचे चार बंधांचे ऋण रूप) तो प्रोटॉन राखलेल्या रंगद्रव्याशी होणारी अभिक्रिया, या दोहोंचे वेगसमीकरण एकच असल्याने केवळ पीएच बदलून त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. बोरिक आम्लाचा पीकेए (आम्लाची तीव्रता दाखवणारा आकडा) सुमारे 9.2, फिनाइलबोरॉनिकचा 8.8, म्हणून तुलना करताना मोजणी एकाच पीएचला करावी, शिवाय बोरिक आम्ल 0.025 मोलरखाली ठेवावे, अन्यथा पॉलिबोरेट (अनेक बोरॉन अणू जोडलेले आयन) तयार होतात. अल्कधर्मी द्रावणे प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावीत. बोरोसिलिकेट काचेतून बोरॉन झिरपतो.