पहिली भेट दादरला, तीही नाश्त्याला

मुंबईत एकटे राहत असाल आणि ॲपवर ओळख झालेल्या कुणाला पहिल्यांदाच भेटणार असाल, तर दादर निवडा. पश्चिम आणि मध्य, दोन्ही मार्गांच्या लोकल इथे थांबतात. एक बोरिवलीचा, दुसरी डोंबिवलीची असली तरी गाडी बदलायची दगदग नाही. वेळ शनिवार सकाळची ठेवा. रात्रीच्या जेवणाचं मोठं बिल, उशिरा परतायची काळजी, हे दडपण पहिल्याच भेटीत कशाला?

शिवाजी पार्कजवळ ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष घ्या. नाश्ता अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. सूर जुळले नाहीत तर तिथेच हसून निरोप घेता येतो. जुळले, तर मैदानाच्या कट्ट्याला एक फेरी मारा. समोरासमोर बसून अवघडलेला माणूस शेजारी चालताना मोकळा होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. आणि हो, वेटरशी समोरची व्यक्ती कशी बोलते, याकडे नीट लक्ष द्या.

निघण्याआधी जवळच्या मित्राला किंवा मैत्रिणीला ठिकाण आणि वेळ कळवून ठेवा. दुपारचं जेवणही त्यांच्याकडेच ठरवा. भेट कशीही झाली, तरी रिकाम्या खोलीवर परतून एकट्यापुरता कुकर लावावा लागत नाही, आणि वरणभात कालवताना सगळं सांगायला कुणीतरी समोर असतं.