दंडघेर पट्टी जवळ ठेवा: इथिओपियात बालपोषणाच्या कामाला निघालेल्या सातारा-सांगलीकरांसाठी

मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथासाठी म्हसवडला आले की घरच्या सोप्यात कुणी ना कुणी वाट बघत बसलेलं असतं. या खेपेला तिघं होती. जतची एक मुलगी, पोषणशास्त्रात एम.एस्सी. झालेली. मिरजेची एक नर्स. आणि खटाव तालुक्यातला एक मुलगा, ज्यानं पाच वर्षं गावोगाव फिरून मुलांची वजनं घेतली आहेत. तिघांनाही इथिओपियात बालपोषणाच्या कार्यक्रमात काम मिळालंय. "ताई, तिकडं गेल्यावर पहिल्यांदा काय करायचं?" या एका प्रश्नावर आईनं दोनदा चहा केला तरी बोलणं संपेना. मी तिथं अकरा वर्षं आहे. त्या दिवशी बोलले ते आणि राहून गेलं ते, दोन्ही इथं लिहिते. विट्याचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पसरले ते आधी गेलेल्यानं मागून येणाऱ्याला आपल्या दुकानात जागा दिली म्हणून. आपल्या कामात तशी साखळी अजून नाही, ती व्हावी असं मला मनापासून वाटतं.

निघण्याआधीचं थोडक्यात. यलो फिव्हरची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर धरतात. लस घेतल्याचं पिवळं कार्ड परत येताना जास्त लागतं; नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. अदिस अबाबा २,३०० मीटरच्या वर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा हजारेक मीटर उंच. जुलै-ऑगस्टमध्ये स्वेटर लागतो आणि पहिले काही दिवस जिना चढताना धाप लागते. अदिसच्या उंचीवर मलेरिया नाही, पण सखल भागात उतरलात की आहे, तेव्हा मच्छरदाणी सोडू नका.

जेवणाची काळजी करू नका. इंजेरा म्हणजे टेफ या तिथल्या बारीक धान्याच्या पिठाची आंबवलेली मोठी आंबोळी समजा. शिरो म्हणजे तर आपलं पिठलंच, हरभऱ्याच्या पिठाचं, वर बेरबेरे मसाल्याचा तिखटपणा. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधी ५५ दिवस उपास धरतात; त्या काळात मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही. घरात कुणी माळकरी असेल तर या दिवसांत हॉटेलात निर्धास्त बसता येतं. पण आपल्या कामाच्या दृष्टीनं हा उपास नीट समजून घ्या. लहान मुलांनी उपास करावा असं चर्च सांगत नाही. तरीही घरातल्या भांड्यात अंडं किंवा दूध शिजवलं तर ते बाटतं, म्हणून दीड वर्षाच्या लेकराच्या ताटातही ते पडत नाही. सगळ्या घरासाठी एकच भांडं, हे खरं कारण. मी पहिलं वर्षभर आयांना अंड्याचं महत्त्व सांगत हिंडले. त्यांना ते ठाऊकच होतं. बाळासाठी वेगळं छोटं पातेलं ठेवायचं, हे एका आजीनं सुचवलं तेव्हा कुठं गोष्ट हलली.

आता वेळ. तिथं दिवस सकाळी सहाला सुरू होतो, आणि आपल्या सातला ते एक वाजले म्हणतात. तीन वाजता म्हणजे आपले सकाळचे नऊ. मला हे कुणीतरी सांगितलंही होतं, पण कानामागं गेलं. पहिल्याच महिन्यात एका वोरेडात, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या प्रशासकीय भागात, तीनची बैठक ठरली आणि मी दुपारी तीनला पोचले. लांबच्या केबेलेंतून, म्हणजे वोरेडातल्या गावपातळीच्या भागांतून, आलेल्या आरोग्य सेविका सकाळपासून थांबून निघून गेल्या होत्या. दोघी तर चालत आल्या होत्या. ते आठवलं की अजून जीव चरफडतो. वेळ ठरवताना "सकाळ की दुपार" एवढं प्रत्येक वेळी विचारा.

पंचांगही वेगळं आहे. वर्षाचे महिने १३. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. नवं वर्ष ११ सप्टेंबरला लागतं आणि त्यांचं साल आपल्या इंग्रजी सालाच्या सात-आठ वर्षं मागं असतं. आई जन्मतारीख सांगते ती या पंचांगातली. ती बदलताना एखादा महिना इकडचा तिकडं झाला की मुलाचं वय चुकतं, आणि वय चुकलं की वयानुसार उंची चुकते. मग धडधाकट मूल खुजं ठरतं किंवा खुजं मूल सुटून जातं. जिथं तारीखच ठाऊक नसते तिथं स्थानिक घटनांचं कॅलेंडर करतात. आपल्याला ते नवं नाही. माझी आजी मुलांची वयं अशीच सांगायची: बेंदराच्या आधी की नंतर, यात्रेच्या वर्षी की छावणी लागली त्या वर्षी. तिथंही असंच विचारायचं: पेरणी झाली होती का, मेस्केलचा सण होऊन गेला होता का. हे कॅलेंडर ऑफिसात बसून करू नका. गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या बायकांना बसवून करा.

ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती आता सांगते.

तुमच्यापैकी बहुतेकांनी कुपोषण पाहिलं असेल ते रोडावलेल्या मुलाचं. हातापायाच्या काड्या, बरगड्या वर आलेल्या, ढुंगणाची कातडी लोंबणारी. माण, जत, आटपाडीत ऊसतोडीला गेलेल्या घरांतली लेकरं मी तशी पाहिली होती. माझी आई अंगणवाडी सेविका. तिच्याबरोबर मी वजनकाटा धरायला जायचे. त्यामुळं डोळा तयार आहे असं मला वाटायचं. तिथं गेल्यावर चौथ्या-पाचव्या आठवड्यात एका हेल्थ पोस्टवर, म्हणजे गावच्या छोट्या आरोग्य केंद्रावर, एक दोन वर्षांचा मुलगा आला. गाल भरलेले, वजन ठीक, दंडाचा घेर मोजायच्या दंडघेर पट्टीवर १२.५ सेंटिमीटरच्या वर, म्हणजे हिरव्या, ठीक समजल्या जाणाऱ्या भागात. मी पुढच्या मुलाला बोलावलं. तिथल्या आरोग्य सेविकेनं माझा हात अडवला. तिनं त्याच्या दोन्ही पावलांवर अंगठे दाबले, तीन सेकंद तसेच धरले आणि उचलले. दोन्ही पावलांवर खळगे राहिले. ते गाल सुजेचे होते, ते वजन पाण्याचं होतं. मूल चिडचिडं होतं, केस फिके पडले होते, आणि मी हे सगळं बघूनही पाहिलं नव्हतं. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात दाखल करावं लागलं.

दोन्ही पावलांना अशी सूज असेल तर पट्टी काहीही दाखवो, मूल तीव्र कुपोषितच. याला क्वाशिओरकर म्हणतात. शब्द घानातल्या गा भाषेतला; डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३०च्या दशकात तो वैद्यकात आणला. पुढचं बाळ आलं की आधीच्याला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. अंगावरचं तुटलेलं पोर म्हणतात ना आपल्याकडं, तेच. भारतात हा प्रकार आफ्रिकेच्या मानानं खूप कमी दिसतो, म्हणून आपला माणूस इथं चुकतो. प्रत्येक मुलाची पावलं दाबा. रांग कितीही मोठी असो.

आणि पट्टी स्वतः लावा. कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमणूक झाली की पहिल्या आठवड्यापासून लॅपटॉप अंगावर येतो: साठ्याचे तक्ते, देणगीदाराचा अहवाल, समन्वयाच्या बैठका. ते करावंच लागेल. पण पहिले तीन महिने आठवड्यातला निदान एक दिवस हेल्थ पोस्टवर काढा. डाव्या दंडाचा मध्य, पट्टी सैल नाही, घट्ट नाही, ११.५ सेंटिमीटरच्या खाली सॅम, म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मॅम, म्हणजे मध्यम कुपोषण. हे वाचून येतं असं वाटतं, पण रडणाऱ्या मुलाच्या दंडावर ते हातानंच येतं. हातानं केलं असेल तरच नंतर आकडे वाचता येतात. सर्वेक्षणाची नोंद बघताना शेवटचा अंक बघायची सवय लावा. मापं जिथं तिथं शून्यावर आणि पाचावर संपत असतील, तर मोजणाऱ्यानं अंदाजानं लिहिलंय. रागवू नका. त्याच्याबरोबर एक दिवस चाला, उन्हात तो किती घरं करतोय ते बघा, मग बोला.

उपचाराबद्दल. तीव्र कुपोषित मुलांना तयार उपचारी अन्नाचं पाकीट देतात. तिकडं गेल्यावर दोन वर्षांनी माझ्या आजीला मी ते दाखवलं: शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि क्षार, ९२ ग्रॅम, ५०० कॅलरी. तिनं बोटावर घेऊन चाखलं आणि म्हणाली, "ही तुमची सुकडीच की." १९७२च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची तेव्हा कामावर सुकडी मिळायची. फरक एवढा, की हे आजारी मुलासाठी मोजूनमापून केलेलं आहे. आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान यांनी १९९६मध्ये ते तयार केलं. त्यात पाणी नाही, म्हणून जंतू वाढत नाहीत आणि शिजवावं लागत नाही. त्याआधी औषधी दूध पावडर पाण्यात कालवून दवाखान्यातच द्यावी लागायची. आई आठवडेच्या आठवडे घर, शेत, बाकीची मुलं सोडून तिथं पडून राहायची. आता भूक शाबूत असलेलं आणि इतर गुंतागुंत नसलेलं मूल घरीच बरं होतं, आठवड्यातून एकदा तपासणीला आणायचं. इथिओपियात २००८च्या दुष्काळानंतर हा उपचार थेट गावच्या हेल्थ पोस्टपर्यंत नेला गेला, हे मोठं काम आहे.

आपल्या राज्यात या पाकिटावर बरेच वाद झाले. घरचं ताजं अन्न विरुद्ध पाकीट. ते वाद मी मानते, त्यात तथ्य आहे. पण ज्या घरात पुढच्या पिकापर्यंत ज्वारीच नाही, तिथं घरचं ताजं अन्न द्या म्हणणं मला जमत नाही. तुम्ही तुमचं मत तिथं दोन हंगाम काढल्यावर बनवा. एका खोक्यात १५० पाकिटं येतात, साधारण एका मुलाच्या उपचाराला पुरतील एवढी. मूल वजन धरत नसेल तर आईला दोष देण्याआधी घरात आणखी किती लहान तोंडं आहेत ते विचारा. पाकीट भावंडांत वाटलं जातं. मीही आई असते तर वाटलं असतं.

रोजगार हमीशी आपला जुना संबंध. वि. स. पागे यांनी तिचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातल्या विसापुरात केला. इथिओपियात २००५पासून अशीच योजना आहे: अन्नाची कायमची टंचाई असलेल्या वोरेडांत सार्वजनिक कामं, बदल्यात धान्य किंवा पैसे. बांध घातलेल्या टेकड्या बघून मला माण आठवतं. सोमाली आणि अफार भागात मात्र धनगराचा वाडा आठवेल. कळप हलला की कुटुंब हललं, आणि उपचारातलं मूल यादीतून "गैरहजर" होतं. मेंढरं घाटाखाली गेल्यावर आपल्या धनगरांची मुलं अंगणवाडीच्या पटावरून जातात, तसंच. मूल सोडून गेलं असं लिहिण्याआधी पाणी कुठं आहे ते विचारा. कुटुंब तिथं सापडतं.

नोकरीचं खरं सांगते, कारण तुमच्या घरचे कर्ज काढून कपडे-बॅगा घेताना मी पाहिलेत. १ जुलै २०२५पासून युएसएडचं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेचं, काम बंद झालं आणि या क्षेत्रातली पुष्कळ पदं गेली. करार सहा महिन्यांचे, अकरा महिन्यांचे असतात. एक वर्षाचा खर्च बाजूला पडेपर्यंत गावात घर बांधायला काढू नका. आणि आपला पगार स्थानिक सहकाऱ्यांसमोर बोलू नका. जुलै २०२४मध्ये बिरचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, दर बाजारावर सोडल्यावर त्याची किंमत घसरली. तुमच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, तुमच्यापेक्षा जास्त जाणणाऱ्या माणसाचा पगार बिरमध्ये असतो.

आरोग्य सेविका सरकारी पगारावर असतात, आपल्या अंगणवाडी ताईंसारख्या मानधनावर नाहीत. केबेलेत त्यांचा शब्द चालतो. त्यांना नावानं हाक मारायला शिका. अम्हारिकमधले दोन शब्द आधी पाठ करा: "इशी", म्हणजे बरं, आणि रडणाऱ्या आईला "अय्झोश", म्हणजे धीर धर गं. वयस्कर माणसं भेटली की तुम्ही भारतीय कळल्यावर चेहरा खुलेल. सम्राट हैले सेलासींच्या काळापासून तिथल्या शाळांत भारतीय शिक्षक होते, आणि कितीतरी जणांना गणित आपल्याच माणसांनी शिकवलंय. त्या शिक्षकांनी कमावलेला मान तुम्हाला आयता मिळतो.

कामाच्या शेवटी कुणीतरी बुना करेल: कॉफी तिथंच भाजतात, कुटतात, उकळतात. तीन फेऱ्या असतात, अबोल, तोना आणि बरका. गाडीचा चालक घाई करेल, रस्त्याचा सुरक्षा नियम असेल तर त्याचं ऐका. एरवी तिसऱ्या कपापर्यंत बसा. खोकी कधीपासून आली नाहीत, कुठल्या वाडीत दोन महिने कुणी फिरकलं नाही, कुठल्या बाईचं मूल मागच्या आठवड्यात गेलं आणि ते कुठल्याच नोंदीत नाही, हे मला बहुतेक वेळा बरकाच्या वेळीच कळलंय.

अदिसला पोचलात की पहिल्या रविवारी माझ्याकडं जेवायला या. तिथं ज्वारीला माशिला म्हणतात आणि ती चांगली मिळते, भाकरी होते. कांदा-लसूण मसाल्याचा एक डबा तेवढा जास्तीचा आणा.