चेंडू सोडा, ७३ नंबर बघा

क्लीव्हलंडला नव्याने आलेली आपली मंडळी ऑफिसातल्यांबरोबर अमेरिकन फुटबॉल बघायला बसतात आणि अर्ध्या तासात कंटाळतात. नजर चेंडूमागे धावते, चेंडू माणसांच्या ढिगात गडप होतो, शिट्टी वाजते. मी त्यांना सांगते, चेंडू सोडा. ऑफेन्सिव्ह लाइनमधला, म्हणजे चेंडू असलेल्या संघाच्या पुढच्या फळीतला, एकच खेळाडू धरा आणि सामनाभर त्याच्यावरून नजर हटवू नका. सुरुवातीला आपल्या क्लीव्हलंडच्या ब्राउन्स संघाच्या ७३ नंबरच्या जो थॉमसचे जुने सामने लावा. याहून चांगला गुरू मिळणार नाही.

चेंडू मागे देतो तो सेंटर. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल, असे पाच जण. थॉमस डावा टॅकल. चेंडू फेकून पास देणारा तो क्वार्टरबॅक. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक फेकायला वळला की डावीकडून येणारा त्याला दिसत नाही. ती बाजू थॉमसने सांभाळायची.

आधी पाय बघा. चेंडू हलताच पहिलं पाऊल पुढे पडलं आणि अंग खाली झुकलं, तर बहुतेक वेळा चेंडू घेऊन धावण्याची चाल. मागे पडलं आणि छाती उभी राहिली, तर पास. पासच्या वेळी थॉमसचं डावं पाऊल तिरपं मागे सरकतं, उजवं जमिनीलगत मागोमाग येतं, पण दोन पायांतलं अंतर मोडत नाही. पाय जवळ आले की तोल गेलाच, समोरचा एका धक्क्यात आडवा करतो. हा भाग हळू गतीने, परत परत बघा.

मग हात. तळवे समोरच्याच्या छातीवर, कोपरं अंगालगत. कुस्ती पाहिलेल्याला चटकन कळेल: हात आत ज्याचे, जोर त्याचा. हात बाहेर गेले आणि समोरच्याला धरून ओढलं, तर होल्डिंग, म्हणजे संघ दहा यार्ड मागे. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. मनात तीनपर्यंत मोजा. क्वार्टरबॅक अजून उभा असेल, तर थॉमसने त्याचं काम केलं. कॅमेरा मात्र तोवर पास झेलणाऱ्याकडे गेलेला असतो.

त्याच्या कारकिर्दीचा हिशेबही असाच लावावा लागतो, कारण त्याच्या नावावर ना धावलेले यार्ड, ना टचडाउनचे गुण. २००७च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, तिसऱ्या क्रमांकावर निवड झाली, तेव्हा तो न्यूयॉर्कचा समारंभ सोडून वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे पकडत होता. त्यानंतर लागोपाठ १०,३६३ चाली तो मैदानावर होता, एकही न चुकवता. १६७ सामने, म्हणजे सामन्याला सरासरी ६२. क्वार्टरबॅक येत-जात राहिले, त्याच्या काळात संघ एकदाही प्लेऑफला गेला नाही, २०१६ला तर सोळांतला एकच सामना जिंकला. हरलेल्या सामन्यांच्या शेवटच्या चाली मुद्दाम बघा. तिथेही तेच पाऊल, तसंच मोजून. मला तो याचसाठी फार मोठा वाटतो.

२२ ऑक्टोबर २०१७ला टायटन्सविरुद्ध डाव्या दंडाचा स्नायू फाटला आणि साखळी तुटली. पुढच्या मार्चमध्ये निवृत्ती. तीनशे पौंडांच्या वर वजन टिकवायला खावं लागणारं खाणं थांबलं, आणि सुमारे पन्नास पौंड उतरले. २०२३ला तो थोर फुटबॉलपटूंच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. ते कॅन्टनला आहे, इथून गाडीने तासाभरावर. पोरांना घेऊन जरूर जा.

एकटा थॉमस दिसायला लागला की २०१४नंतरचे सामने काढा आणि त्याच्या शेजारचा डावा गार्ड, ७५ नंबरचा जोएल बिटोनिओ, सोबत धरा. समोरचे दोघे एकमेकांना ओलांडून आत घुसायला बघतात. अशा वेळी आपल्या माणसामागे धावायचं नसतं. तो शेजाऱ्याच्या हवाली करायचा आणि येणारा दुसरा आपण घ्यायचा. खांद्याला खांदा लागलेला असतानाच ही देवघेव होते. ती तुम्हाला रिप्ले न लावता दिसली, की ऑफिसातल्यांना आता तुम्ही समजावून सांगू शकता.