जंताला पुरून उरणारा कळप हवा? एडका निवडताना या चुका टाळा

आटपाडीच्या बाजारात एडका, म्हणजे मेंढ्यांचा नर, घेताना आपण नाकाचा बाक बघतो, लांबी-उंची बघतो, पाय बघतो. पापणी उलटून कोणी बघत नाही. मीही बघितली नव्हती. माझा माडग्याळ जातीचा एडका देखणा होता, पण श्रावणात त्याच्या पापण्या पांढऱ्या पडायच्या. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या कोकरांचंही तेच झालं. जबड्याखाली पाणी उतरून सात कोकरं गेली.

हे काम हिमॉन्कस जंताचं. तो मेंढीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पितो. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते, ती लेंडीवाटे रानात पडतात आणि पावसाळी उबेत आठवडाभरात अळ्या गवतावर चढतात. दुष्काळी माणदेशात जंत कुठले, असं म्हणू नका. ओढ्याकाठचं हिरवं गवत त्यांना पुरतं.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे सगळ्या कळपाला एकाच दिवशी औषध पाजणं. त्यानं कोणतं जनावर औषधाविना तग धरतं हे कधीच कळत नाही. शिवाय औषधाला न मरणारे जंत तेवढे मागे राहतात आणि काही वर्षांत औषधच लागू पडेनासं होतं. खरं तर कळपातली थोडीच जनावरं बहुतेक अंडी टाकत असतात. त्यांना हुडकायचं. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला ‘फामाचा’ (FAMACHA) नावाचा रंगांचा तक्ता त्यासाठीच आहे: पापणीची आतली बाजू लालभडक असेल तर 1, पांढरीफटक असेल तर 5. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघा, 4-5 वाल्यांना औषध द्या, आणि कोणाला किती वेळा द्यावं लागलं ते बिल्ल्याच्या नंबरासह वहीत लिहा. ही वही नसेल तर निवड म्हणजे नुसता अंदाज.

पण लाल पापणीवरच विसंबू नका. काही जनावरं पोटात जंत बाळगूनही धडधाकट दिसतात आणि रानभर अंडी पसरतात. म्हणून एडका ठेवण्याआधी लेंडी तपासून घ्या. तुलना एकाच वयाच्या, एकाच रानात चरलेल्या नरांची करा. नुकतंच औषध पाजलेलं असेल तर तपासणीला अर्थ नाही. नुकत्याच व्यालेल्या मेंढीच्या लेंडीत अंडी वाढतातच, तेवढ्यावरून तिला विकू नका.

बाहेरची जात आणली की काम झालं, हाही गैरसमज. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनच्या गरोळ मेंढ्यांचा संकर करून पाहिला, तेव्हा त्या कोकरांच्या लेंडीत जंताची अंडी कमी आढळली. पण गरोळ अंगानं लहान, त्यामुळे वजन घटतं. आपलं पोट मटणाच्या वजनावर आहे, ते विसरून चालणार नाही.

एडका त्याच्याच लेकींवर सोडू नका. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) आणि आंत्रविषाराची लसही चुकवू नका, जंताशी झुंजणारं जनावर त्या रोगांना पुरं पडतंच असं नाही. आणि एका वेतात फरक मागू नका. जंताच्या बाबतीत जनावरा-जनावरांतल्या फरकात रक्ताचा, म्हणजे आनुवंशिकतेचा, वाटा साधारण पाव भागाचाच असतो, बाकी चारा, रान आणि वय.

यंदा मी ठेवलेला एडका बाजारात कोणी वळून पाहणार नाही असा आहे. त्याच्या आईला तीन पावसाळ्यांत एकदाही औषध लागलेलं नाही.