वोल्फ्सबुर्गला नव्याने येणाऱ्यांसाठी: ओसिमेनच्या शून्य गोलांपासून सुरुवात

चाकणहून किंवा पुण्यातल्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यातून जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच भेटीत व्हिक्टर ओसिमेनची हकिकत सांगतो आणि बहुतेक जण ती सौजन्याने ऐकून घेऊन लगेच घरभाड्याची चौकशी करतात. तरीही मी ती सांगतो, कारण पुढे नापोली क्लबला इटलीचे विजेतेपद मिळवून देणारा हा नायजेरियन फुटबॉलपटू युरोपात प्रथम उतरला तो याच शहरात, आपल्यापैकी अनेकांचे पगारपत्रक काढणाऱ्या फोक्सवागन कंपनीच्याच मालकीच्या क्लबात. आणि येथे तो सपशेल अपयशी ठरला.

त्याचे बालपण लागोसमधल्या ओलुसोसुन या अवाढव्य कचरा डेपोच्या परिसरात गेले. आई लवकर वारली आणि घर चालवण्यासाठी तो वाहनांच्या गर्दीत पाण्याच्या पिशव्या विकत असे. २०१५ साली चिलीत झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात त्याने १० गोल केले, नायजेरियाने स्पर्धा जिंकली आणि जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो येथे दाखल झाला. पुढच्या दीड वर्षात तो १६ सामने खेळला आणि त्याच्या नावावर एकही गोल लागला नाही.

या शून्यामागची कारणे नव्याने येणाऱ्याने नीट पाहावीत. तो ऐन हंगामाच्या मध्यावर आला, तेव्हा क्लब खालच्या श्रेणीत ढकलला जाण्याच्या भीतीने ग्रासलेला होता. त्या दीड वर्षात त्याने चार प्रशिक्षक पाहिले. प्रत्येकाला तातडीने गुण हवे होते आणि नवख्या मुलाला घडवण्याइतकी सवड कोणाकडेच नव्हती. भरीला दुखापती होत्या. तुमचाही विभागप्रमुख तुमच्या परीक्षाकाळात, म्हणजे ‘प्रोबेत्साइट’च्या सहा महिन्यांत, बदलू शकतो. या काळात दोन्ही बाजूंना केवळ दोन आठवड्यांच्या सूचनेवर करार संपवता येतो. म्हणून ठरलेली उद्दिष्टे आणि मिळालेला अभिप्राय बैठकीनंतर त्याच दिवशी ईमेलने लिहून ठेवण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावून घ्यावी. पुण्यात तुम्ही किती प्रकल्प तडीस नेले, हे येथे नव्या प्रमुखाला ठाऊक नसते. चिलीतले १० गोलही येथे कोणी मोजले नव्हते.

अर्थात ही तुलना फार ताणू नये. व्यावसायिक खेळाडूसाठी घर आणि कागदपत्रे पाहायला क्लबाची माणसे असतात. आपल्याला ते सारे स्वतःच निस्तरावे लागते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला दाखला लागतो. पुढचा कर क्रमांक याच नोंदणीवर अवलंबून असल्याने ‘दाखला देता येणार नाही’ असे म्हणणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. जाहिरातीतले भाडे ‘काल्टमीटे’, म्हणजे निव्वळ भाडे, आहे की ‘वार्ममीटे’, म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरून आहे, हे आधी विचारावे. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त असू शकत नाही आणि ती तीन हप्त्यांत देता येते. मला हे ठाऊक नव्हते. मी सगळी रक्कम एकदम दिली, ताबा घेताना भिंतींचे फोटो काढले नाहीत आणि घर सोडताना दुसऱ्याने पाडलेल्या भोकांचे पैसे भरले.

ओसिमेनच्या हकिकतीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आजारपणाचा आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याला मलेरिया झाला आणि त्याच अशक्तपणात तो बेल्जियममध्ये चाचण्या देत फिरला. झुल्टे वारेगेम आणि क्लब ब्रुग या दोन्ही क्लबांनी त्याला नाकारले. आपल्यापैकी कोणी गणपतीला घरी जाऊन परतला आणि अंगात ताप भरला, तर येथील डॉक्टरच्या मनात डेंग्यू किंवा मलेरिया चटकन येईलच असे नाही. आपण भारतातून कधी परतलो, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. बरे असतानाच जवळच्या ‘हाउसआर्त्स्ट’कडे, म्हणजे कुटुंबाच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवावे, दवाखाना बंद असताना ११६११७ हा क्रमांक उपयोगी पडतो. दुखणे अंगावर काढून कामावर जाण्यात येथे कोणी शौर्य मानत नाही, उलट शेजारच्या टेबलावरचे लोक नाराज होतात.

त्यानंतर बेल्जियममधल्याच शार्लरवा क्लबाने त्याला उसनवारीवर, म्हणजे ठरावीक काळापुरते, घेतले. हे कोळसा आणि पोलादावर वाढलेले, रया गेलेले दक्षिण बेल्जियममधले शहर, भाषा फ्रेंच, क्लब मध्यम कुवतीचा. पण तेथे त्याला मैदानावर उतरायला मिळाले आणि एका हंगामात त्याने २० गोल केले. तेथून २०१९ मध्ये फ्रान्समधला लील क्लब आणि २०२० मध्ये नापोली. नोव्हेंबर २०२१ मध्ये मिलानच्या इंटर क्लबाविरुद्ध चेहऱ्याची हाडे मोडल्यावर त्याने लावलेला मुखवटा पुढे त्याची ओळखच बनला. २०२२-२३ मध्ये त्याने इटलीच्या लीगमध्ये सर्वाधिक २६ गोल केले आणि नापोलीला ३३ वर्षांनी विजेतेपद मिळाले. २०२४ मध्ये तो इस्तंबूलच्या गालातासरायकडे गेला, तोही आधी उसनवारीवरच.

म्हणून मुख्य कारखान्याऐवजी ब्राउनश्वाइग, गिफहोर्न किंवा साल्झगिटर या आसपासच्या गावांतल्या छोट्या पुरवठादाराकडून बोलावणे आले, तर केवळ नाव लहान म्हणून नकार देऊ नये. छोट्या कंपनीत जर्मन बोलण्यावाचून गत्यंतर नसते आणि काम पूर्णपणे अंगावर पडते. मात्र ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या वास्तव्य परवान्यावर, पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलायची असेल, तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावे लागते आणि ते हरकत घेऊ शकते, म्हणून राजीनामा देण्याआधी तेथे विचारावे. कायमच्या वास्तव्याचा परवाना ब्लू कार्डधारकाला ए१, म्हणजे अगदी प्राथमिक, पातळीच्या जर्मनवर २७ महिन्यांनी आणि बी१, म्हणजे मध्यम, पातळीवर २१ महिन्यांनी मागता येतो. भाषेचे संध्याकाळचे वर्ग ‘फोल्क्सहोखशूल’ या प्रौढांच्या शिक्षणकेंद्रात चालतात, सामान लावून झाले नसले तरी नाव आधी नोंदवावे.