रोबोटिक गुडघा बदल: काय यंत्रावर सोडावं, काय हातात ठेवावं

‘रोबोट’ हा एकच शब्द निरनिराळ्या यंत्रांसाठी वापरला जातो आणि घोळाची सुरुवात तिथंच होते. माको या यंत्रात करवत यंत्राच्या हातावर असते, पण ती पुढं नेता तुम्ही, म्हणजे सर्जन. आखलेल्या हद्दीपाशी यंत्राचा हात अडतो. रोझाचा हात फक्त कटिंग गाइड (करवतीला दिशा देणारा साचा) जागेवर धरतो, हाड तुम्हीच कापता. कोरीचा बर (हाड घासणारं फिरतं टोक) तुमच्या हातात असतो. क्युविसमध्ये हाड तासायचं काम यंत्रच करतं आणि तुमच्या हाती थांबवायचं बटण उरतं. आपल्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) यातलं कोणतं आहे, त्यावर ताबा कुठं घट्ट ठेवायचा ते ठरतं. सगळ्यांना लागू असलेली गोष्ट एकच: कापताना यंत्र हाड पाहत नसतं, हाडाला जोडलेले ट्रॅकर, म्हणजे जागा दाखवणाऱ्या खुणा, पाहत असतं. ट्रॅकर सरकला तर ते तितक्याच अचूकपणे चुकीच्या जागी कापेल.

आखणी

मराठवाड्यात पेशंट उशिरा येतात. खुरपणी आणि कापूसवेचणीत वर्षं गेलेली, गुडघा 15-20 अंश बाहेर वाकलेला, नडगीचा आतला भाग झिजून दगडासारखा कठीण झालेला. बऱ्याच जणांत मांडीचं हाडही बाकदार असतं. अशा हाडाच्या पोकळीत रॉड घालून जुन्या पद्धतीनं काढलेला कोन फसतो. जुन्या फ्रॅक्चरची प्लेट असेल तर रॉड जातच नाही. इथं यंत्रावर निर्धास्त विसंबा, कारण ते खुब्याचा मध्य आणि घोटा यांवरून अक्ष काढतं.

मात्र कोन किती ठेवायचा, हा निर्णय यंत्राचा नाही आणि आखणी करून आणणाऱ्या कंपनीच्या माणसाचाही नाही. सीटी-स्कॅनवर चालणारं यंत्र असेल तर आखणी आदल्या दिवशी स्वतः उघडून बघा. खुबा, गुडघा, घोटा तिन्ही एकाच स्कॅनमध्ये, मध्ये पाय न हलता आलेत ना? लांबच्या गावातून आलेल्या पेशंटला टेबलावर घेतल्यावर स्कॅन निकामी निघणं हे टाळता येण्यासारखं आहे. आपल्या मर्यादा आधीच लिहून ठेवा: नडगीचा काप आत झुकता 3 अंशांपर्यंत, पूर्ण पायाचा अक्ष शून्याच्या 3 अंशांत, पीएस सांधा (मागचं क्रूसिएट लिगामेंट काढून बसवायचा) असेल तर मागचा उतार 0 ते 3 अंश, सांध्याची रेषा 4 मिमीहून जास्त वर नाही. ओटीत गॅप (मांडी आणि नडगीच्या हाडांमधली फट) जुळवायच्या नादात या ओलांडायच्या नाहीत.

पिन आणि नोंदणी

ट्रॅकर धरणाऱ्या पिन कमी वेगानं, सलाइन टाकत बसवा. हाडाच्या दोन्ही बाजूंच्या कठीण कवचांत नीट बसू द्या. कवचाच्या नुसत्या कडेतून गेलेली पिन पुढं फ्रॅक्चरला जागा करते. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा भोकं पाडू नका, ठिसूळ हाडात तर मुळीच नाही. बसवल्यावर ट्रॅकर बोटानं हलवून पाहा.

खुब्याचा मध्य घेताना मांडी गोल फिरवायची, पण कंबर हलू द्यायची नाही. मग बिंदूंची नोंदणी, म्हणजे प्रोबनं (टोकदार सळईनं) हाडावरचे बिंदू यंत्राला दाखवणं. सीटीवरचं मॉडेल हाडाचं असतं, कूर्चाचं नाही. म्हणून प्रोबचं टोक कूर्चा भेदून हाडाला टेकलं पाहिजे. नुसतं वर टेकवलं तर मिलीमीटर-दोन मिलीमीटरची फसगत होते आणि सगळे बिंदू एकाच दिशेनं चुकल्यामुळं ती लवकर लक्षात येत नाही. सीटीशिवाय चालणाऱ्या यंत्रात उलट, प्रोब पृष्ठभागावरून फिरवायचा. दोन्ही प्रकारची यंत्रं वापरणाऱ्यांकडून इथं हमखास गल्लत होते.

गॅप

नोंदणी झाली की आधी ऑस्टिओफाइट (हाडाच्या कडेची जादा वाढ) काढा, मगच गॅप मोजा. आतल्या कडेचा ऑस्टिओफाइट एमसीएल (गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट) ताणून धरतो. तो असताना मोजलं तर आतली बाजू घट्ट दिसते, आखणी त्याप्रमाणं बदलली जाते, आणि नंतर तो काढला की सांधा ढिला पडतो. गुडघा सुमारे 10 अंशांत आणि 90 अंशांत वाकवून, दोन्हीकडं सारखाच जोर देऊन आकडे घ्या. जोर बदलला की आकडा बदलतो, म्हणून जोर देणारा हात एकच असावा. 1-2 मिमीचा फरक आखणीनं भरून काढा. त्याहून मोठा फरक हाडातून भरायला गेलात तर मर्यादा ओलांडाल; तिथं लिगामेंट सोडवण्याचं जुनंच काम करावं लागतं.

काप

प्रत्येक कापाआधी चेकपॉइंट (हाडात बसवलेली छोटी खूण) तपासा. 1 मिमीपेक्षा जास्त फरक आला तर थांबा. यंत्राची हद्द हाडाला असते. एमसीएल, वाटीचा टेंडन, मागची पॉप्लिटीयल धमनी यंत्राला माहीत नसतात. रिट्रॅक्टर (हे भाग बाजूला धरणारी अवजारं) नेहमीसारखेच लावा आणि गुडघा वाकवून ठेवा.

कठीण झालेल्या आतल्या नडगीवर पातं वर उचललं जातं. पडद्यावर काप पूर्ण दिसतो, पण हाड उंच राहिलेलं असतं. नवं पातं, हळू गती, भरपूर सलाइन आणि नंतर चपटा प्रोब ठेवून खात्री. आतल्या बाजूला 1 मिमी उंच आढळलं तर तिथल्या तिथं पुन्हा कापा.

जुने जिग (हातानं कापायचे साचे) निर्जंतुक करून टेबलावर उघडेच असावेत. ट्रॅकर दोनदा ढिला झाला, नोंदणी 10 मिनिटांत जुळेना, किंवा वीज गेली आणि यूपीएसनं यंत्र उचललं नाही, की हातानं करायच्या जुन्या पद्धतीकडं वळा. टर्निकेचं (रक्तपुरवठा रोखणाऱ्या मांडीवरच्या पट्ट्याचं) घड्याळ थांबत नसतं. हा निर्णय सर्जननं मोठ्यानं सांगावा, म्हणजे सिस्टर आणि टेक्निशियन दोघंही त्याच क्षणी वळतात.

सांधा चिकटवायच्या सिमेंटमध्ये यंत्राचा काहीच हात नाही. हाड धुऊन कोरडं करा. एप्रिल-मे मध्ये सिमेंटचा साठा थंड जागीच ठेवा. गरम झालेलं सिमेंट लवकर घट्ट होतं आणि नेमक्या त्याच वेळी सांधा बसवायची घाई होते.

सिमेंटच्या आधी ट्रायल (चाचणीचा तात्पुरता सांधा) बसवल्यावर डोळे पडद्यावरून काढा. गुडघा सरळ होतो का, वाटी अंगठ्याच्या आधाराशिवाय मध्ये चालते का, हे हातानं पाहा. हात आणि आकडा जुळत नसतील तर आधी ट्रॅकर संशयात घ्या.

बंद करण्यापूर्वी पिन आणि चेकपॉइंट मोजून काढा. चेकपॉइंट हाडातच राहून जाण्याची चूक सहज होते. डिस्चार्ज कार्डावर मराठीत ठळक लिहा: मांडीत किंवा नडगीत पिनेच्या जागी अचानक दुखू लागलं, तर त्या पायावर भार न देता लगेच एक्स-रे काढावा.