ब्रिटनमध्ये गाडीमागे ट्रेलर जोडण्याआधी

घर बदलताना व्हॅनचं भाडं वाचावं म्हणून आपल्यातले बरेच जण सेकंडहँड ट्रेलर घेतात. जरूर घ्या. पण ‘जोडला की निघालं’ म्हणणाऱ्या अनुभवी मंडळींपासून जपून राहा. त्यांना पोलिसांनी अजून अडवलेलं नसतं, एवढाच त्यांचा अनुभव.

लायसन्सची कटकट संपली आहे. 16 डिसेंबर 2021 पासून इथल्या कारच्या पूर्ण लायसन्सवर 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो.

आता वजन. लोक इथेच फसतात. ब्रेक नसलेला ट्रेलर मालासकट 750 किलोच्या वर जाता कामा नये, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कुणी सांगत नाही: तो तुमच्या रिकाम्या गाडीच्या निम्म्या वजनाहूनही जड नको. दोन्हींतला कमी आकडा धरायचा. गाडी 1,100 किलोची, तर मर्यादा 550. ट्रेलरच 150 किलोचा असला तर सामानाला उरले 400. आणि आपल्याकडे पुस्तकांची खोकी, दळणाचं यंत्र, फ्रिज, सगळं एकाच फेरीत न्यायचं असतं! ओळखीतल्या एका जोडप्याला रस्त्यातच निम्मं सामान उतरवावं लागलं. दंड झाला तो झालाच, वर शेवटी व्हॅनही भाड्याने आणली. गाडीच्या कंपनीने याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच खरी, म्हणून गाडीवरची वजनाची पट्टी वाचा.

ब्रेक नसलेल्या ट्रेलरला जादा साखळी हवी, तीही इतकी आखूड की ट्रेलर सुटला तरी त्याचं नाक रस्त्याला टेकणार नाही. ब्रेकवाल्याला ब्रेकअवे केबल लागते. ट्रेलर सुटला की ती आधी ब्रेक ओढते, मग तुटते. टोबारवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या दांड्यावर, तिच्यासाठी कडी असेल तर तिथेच अडकवा.

ट्रेलरच्या मागे गाडीचाच नंबर, पिवळ्या रीतसर प्लेटवर. पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेला चालत नाही; इथला पोलीस ‘सर’ म्हणतो आणि दंडही लावतो. मागचे लाल रिफ्लेक्टर त्रिकोणी हवेत. दिवे, ब्रेकलाइट, इंडिकेटर निघण्याआधी कुणाला तरी मागे उभं करून तपासा.

ट्रेलर किंवा कॅरव्हान गाडीहून रुंद असेल तर जादा आरसे लावा. नीट दिसत नसेल तर 1,000 पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर 3 पॉइंट.

वेगमर्यादा मोटरवेवर ताशी 60 मैल, मध्ये दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर 50. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर अगदी उजवी लेन तुमची नाही.